न दिसणाऱ्या सुरक्षिततेची किंमत

१४ जून २०१७ च्या पहाटे लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे प्राणास मुकली. चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात सुरू झालेली ही आग पाऊण तासाच्या आत माथ्यापर्यंत पोहोचली. बाहेरील भिंतींवर बसवलेले तक्ते हेच तिच्या फैलावाचे प्रमुख कारण होते, असे चौकशी समितीने २०१९ मध्ये नमूद केले. त्या तक्त्यांत अल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन हे प्लास्टिक भरलेले होते.

प्लास्टिक तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात. ते पेटतात आणि त्यांची उष्णता उरलेले प्लास्टिक वितळवते. हे चक्र तोडणारी द्रव्ये रसायनशास्त्राला केव्हाच गवसली आहेत. अल्युमिनियम हायड्रॉक्साइडची भुकटी सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटन पावून पाण्याची वाफ सोडते व उष्णता शोषून घेते. फॉस्फरसची संयुगे पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतात. यांनी प्लास्टिक अदाह्य होत नाही. परंतु माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो.

खनिज भुकटी मिसळलेले तक्ते तेव्हाही बाजारात होते. दर चौरस मीटरला फरक सुमारे २ पौंडांचा, असे ब्रिटिश वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले. मग ते का बसवले गेले नाहीत? कारण तक्ते विकत घेणारा एक आणि त्यांच्याआड झोपणारा दुसरा. काटकसरीचा लाभ पहिल्याला, धोका दुसऱ्याला. शिवाय ही सुरक्षितता डोळ्यांना दिसत नाही. वायरच्या गुंडाळीवरील ‘एफआर’ ही अक्षरे ग्राहक वाचू शकतो. आतील मिश्रण त्याला तपासता येत नाही. अशा ठिकाणी स्पर्धा स्वस्ताईलाच बक्षीस देते. म्हणून सक्ती व तपासणी ही जबाबदारी शासनाचीच ठरते.

मात्र आंधळी सक्तीही घातक असते. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत वापरलेल्या ‘ट्रिस’ या अग्निरोधकावर कर्करोगाच्या भीतीमुळे अमेरिकेला १९७७ मध्ये बंदी घालावी लागली. थर्मोकोलमध्ये मिसळले जाणारे एक ब्रोमीनयुक्त द्रव्य २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निषिद्ध यादीत गेले. तेव्हा कायद्याने दोन प्रश्न एकदमच विचारले पाहिजेत: हे द्रव्य आग किती रोखते आणि शरीरात गेल्यास काय करते? दोन्ही उत्तरे मिळवण्यास खर्च येतो, हे खरे. पण तो टाळल्याने वाचत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी पडतो, एवढेच.