बोटं गारठली की अक्षर का बिघडतं?

कडाक्याच्या थंडीच्या निफाडकडच्या मुलांना हे सांगायलाच नको. डिसेंबरातली सकाळ, पहिलाच तास शुद्धलेखनाचा, आणि बोटं मुळी ऐकतच नाहीत! सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लागता लागत नाही.

करून बघायचंय? वहीत आपलं पूर्ण नाव लिहा. मग बादलीभर गार पाण्यात बर्फाचे दोन-चार खडे टाका आणि हात कोपरापर्यंत तीन मिनिटं बुडवा. फार झोंबलं तर लगेच बाहेर काढा. हात पुसून पुन्हा नाव लिहा. बघा कसं उतरलंय ते!

कोपरापर्यंत कशाला? अहो, बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच! ते असतात तळहातात आणि कोपराच्या खाली. डाव्या हातानं उजवा हात तिथे धरा आणि बोटं नाचवा. आत काहीतरी वळवळतंय ना? तेच ते.

या स्नायूंकडे मेंदूचे निरोप नसांमधून सेकंदाला पन्नासेक मीटर वेगानं धावतात. नस १ अंश सेल्सिअसनं गार झाली, की हा वेग दीड-दोन मीटरनं घटतो. शिवाय स्नायूतल्या रासायनिक क्रियाही थंडीत मंदावतात. गार स्नायू आखडतो सावकाश, आणि सैल व्हायला तर आणखीच रेंगाळतो.

हाच मंदपणा कधी कधी उपयोगी पडतो. खो-खो खेळताना पाय मुरगळला, की ताई फडक्यात बर्फ गुंडाळून लावते. दुखण्याचा निरोपही मग हळू धावतो आणि ठणका कमी होतो. १९७८ साली गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी मुरगळण्यावर बर्फाचा उपाय पुस्तकात लिहिला आणि तो जगभर पसरला. पुढे त्यांनीच सांगितलं, की बर्फ फार वेळ लावला तर जखम भरायला उशीर होऊ शकतो. स्वतःचंच म्हणणं असं जाहीरपणे दुरुस्त करणारी माणसं मला फार आवडतात.

मान अवघडली, की आजी देते तो शेक. उबेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैलावतो. ताज्या सुजेवर मात्र शेक नको, सूज वाढते.

आणि स्नायू स्वतःच एक शेगडी आहे! त्याला मिळालेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव हालचालीला लागते, बाकीची उष्णता होते. म्हणून तर सामन्याआधी खेळाडू मैदानाला फेऱ्या मारतात. आणि तुम्ही थंडीत कुडकुडता ना, तेव्हा तुमचे स्नायूच भराभर थरथरून तुम्हाला शेक देत असतात.