कालफ्यूज, ब्रिटिश तोफगोळ्यांचे
तोफेतून सुटलेला गोळा ठरविलेल्या कालावधीनंतर हवेतच फोडणाऱ्या साधनास कालफ्यूज म्हणतात. हेन्‍री श्रापनेल यांनी १७८४ मध्ये लहान गोळ्या व बारूद भरलेला पोकळ तोफगोळा तयार केला. ब्रिटिश तोफखान्याने तो १८०३ मध्ये स्वीकारला. हा गोळा शत्रूच्या अलीकडे, हवेत आणि नेमक्या क्षणी फुटला तरच परिणामकारक ठरे. त्यामुळे कालफ्यूजला विशेष महत्त्व आले. जुन्या फ्यूजांची ओळख त्यांचे द्रव्य, पेटण्याची रीत, अंशांकन व कोरलेली चिन्हे यांवरून पटविता येते.

आरंभीचे फ्यूज लाकडी व शंकूच्या आकाराचे होते. एडवर्ड बॉक्सर यांनी १८५० च्या सुमारास सुधारलेल्या लाकडी फ्यूजच्या बाजूंवर छिद्रांच्या रांगा असत. इष्ट कालावधीचे छिद्र गोलंदाज सामत्याने आतील बारुदीपर्यंत खोल करी. गोळा व तोफेची नळी यांमधील फटीतून येणाऱ्या ज्वालेने फ्यूज पेटे. पश्चभरणाच्या आटेदार तोफांत गोळा नळीत घट्ट बसत असल्याने ही ज्वाला पुढे पोहोचेना. म्हणून तोफ उडताच बसणाऱ्या धक्क्याने पेटणारे स्फोटक फ्यूजमध्येच बसवावे लागले. अशी रचना हा नमुन्याचा काळ ठरविण्यातील एक महत्त्वाचा पुरावा होय.

पुढील धातूच्या फ्यूजांत बारूद वर्तुळाकार कड्यांच्या खाचांत भरलेली असे. खालचे कडे फिरवून जळणाऱ्या बारुदीची लांबी, म्हणजेच कालावधी, ठरविला जाई. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) १८ पौंडी तोफेच्या श्रापनेल गोळ्यावरील ‘८० क्रमांकाचा’ फ्यूज या प्रकारातील सर्वपरिचित होय. तो काल व आघात अशा दोन्ही रीतींनी कार्य करी व त्याच्या कड्यावर ० ते २२ अंक असत. काही नगांवर जर्मनीतील क्रुप कंपनीच्या पेटंटाची ‘के. पी. झेड. ९६/०४’ ही खूण आढळते. फ्यूजवर सामान्यतः त्याचा क्रमांक, सुधारणेचा रोमन अंक, उत्पादकाची आद्याक्षरे आणि निर्मितीचा काळ कोरलेला असतो. बाणाची खूण सरकारी मालकी दर्शविते. उंचावरील विरळ हवेत बारूद अनियमितपणे जळत असल्याने विमानविरोधी तोफांसाठी पुढे घड्याळी यंत्रणेचे फ्यूज प्रचारात आले.

रणभूमीवर सापडलेल्या फ्यूजच्या कड्यावरील अंक स्थिर राहिला असल्यास, तोफ किती अंतरावरून डागली गेली असावी याचा अंदाज बांधता येतो. अशा वेळी नुसता क्रमांक नोंदवून भागत नाही. कड्याची स्थितीही टिपावी लागते. मात्र गंजलेल्या फ्यूजमधील स्फोटक शतकानंतरही जिवंत असू शकते. म्हणून सापडलेली वस्तू हलविणे, घासणे वा कडे फिरविणे धोक्याचे असते. तज्ञांनी निर्धोक ठरविल्यावरच ती अभ्यासाचा विषय होऊ शकते.