पोपट ‘खात नाही’ म्हणजे नेमकं काय? एका निरीक्षणापासून संशोधनाच्या प्रश्नापर्यंत



पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, आता गाईड शोधतोय, पण ‘संशोधनाचा प्रश्न’ म्हणजे नक्की काय ते कळत नाही, असं अनेकजण विचारतात. आज हे आपण घरातल्या एका साध्या उदाहरणातून समजून घेऊया. उदाहरण साधं असलं तरी त्यात एक जीव पणाला लागलेला आहे, म्हणून नीट वाचा.

समजा, नेरुळच्या एका फ्लॅटमध्ये दोन महिन्यांचं कॉकाटिएलचं पिल्लू आणलंय. दुकानदार म्हणाला, “आता स्वतःचं स्वतः खातो.” चौथ्या दिवशी घरचे म्हणतात, “हा काही खातच नाही हो.” आता तुम्ही सायन्सचे विद्यार्थी, म्हणून सगळे तुमच्याकडे बघतात. काय कराल?

1. आधी नमुना ओळखा

‘पोपट’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. कॉकाटिएल, बजी, लव्हबर्ड हे मूळचे परदेशी पक्षी. पण गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला आपला हिरवा पोपट हा भारतातला वन्यजीव आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 नुसार तो पकडणं, विकणं आणि घरात पाळणं गुन्हा आहे. तसं पिल्लू सापडलं असेल तर घरी प्रयोग करत बसू नका. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाईनला फोन करा. कुठल्या जातीवर, कुठल्या परवानगीने काम करायचं, हे संशोधनातही सगळ्यात आधी ठरतं.

2. ‘भूक’ मोजता येत नाही, वजन मोजता येतं

‘खात नाही’ हे निरीक्षण नाही, तो निष्कर्ष आहे. घरच्यांनी वाटी पाहिली आणि अंदाज बांधला. आणि वाटी फसवते. पोपटवर्गातले पक्षी बी सोलून आतला गर खातात आणि फोलपट तिथेच टाकतात. बाजरी-राळ्याची वाटी वरून भरलेली दिसते, पण फुंकर मारली की सगळी फोलपटं उडून जातात. त्यामुळे कधी उपाशी पक्षी ‘दाणे आहेत की’ म्हणून दुर्लक्षित राहतो. उलटही होतं. पिल्लू दाणे चोचीत घेऊन नुसतं चघळतं, खाली पाडतं, आणि आपल्याला वाटतं छान खातंय.

म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाणं देण्याआधी वजन करा. वेळ तीच का? कारण गळ्याखालची अन्नाची पिशवी, म्हणजे क्रॉप, भरलेली असेल तर काही ग्रॅमचा फरक सहज पडतो. 90 ग्रॅमच्या पक्ष्यात एक ग्रॅम म्हणजे साधारण 1.1 टक्का, म्हणजे एका दिवसाच्या एका ग्रॅमवरून घाबरायचं नाही. सलग तीन-चार दिवस आकडा कुठे चाललाय ते बघायचं.

3. एका आकड्यावर निकाल देऊ नका

उडायला लागण्याच्या आणि भरवणं सुटण्याच्या काळात पिल्लाचं वजन थोडं उतरतंच. मग हे नैसर्गिक की आजार? इथे दुसरी निरीक्षणं जोडावी लागतात. पिल्लू चपळ आहे, आवाज करतंय, सकाळपर्यंत क्रॉप रिकामा होतोय, विष्ठेत हिरवा-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी असे तिन्ही दिसताहेत, तर दिलासा आहे. अंग फुगवून बसणं, दिवसा झोपणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, उलटी, सकाळीही भरलेला क्रॉप, विष्ठेतला घट्ट भाग जवळजवळ गायब होणं, ही वाईट चिन्हं. पक्षी आजार लपवतात, त्यामुळे ही चिन्हं दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असू शकतो.

4. कारणं अनेक, आणि एकमेकांत गुंतलेली

घर नवं, वाटी नवी, दाणे नवे, खोलीत एसी, वर नवी मुंबईचा पावसाळा. दमट हवेत साठवलेल्या दाण्यांना आणि शेंगदाण्यांना बुरशी लागते. शिवाय पिल्लाला भरवणं फार लवकर थांबवलेलं असू शकतं. यालाच आपण गोंधळ घालणारे घटक म्हणतो. एकाच दिवशी खाणं, पिंजरा आणि जागा बदललीत, टॉनिकही दिलंत आणि पिल्लू खायला लागलं, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही. म्हणून एका वेळी एकच बदल, बरोबर?

प्रयोगशाळेत बरोबर. इथे अर्धंच बरोबर.

5. थांबायची रेषा आधी आखा

भारतात प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. प्राण्याची अवस्था कुठपर्यंत खालावली की प्रयोग थांबवायचा, ही मर्यादा काम सुरू करण्याआधीच ठरवायची असते. कारण मध्येच ठरवायला बसलं की माणूस ‘अजून एक दिवस बघू’ म्हणतो. घरच्या पिल्लालाही हाच नियम लावा. पहिल्या दिवशी वजन 90 ग्रॅम असेल तर वहीत लिहून ठेवा: 81 ग्रॅमला, म्हणजे 10 टक्के घट झाली की, डॉक्टर. वरचं एकही वाईट चिन्ह दिसलं, किंवा दिवसभरात पोटात काहीच गेलं नाही, तर आकड्याची वाटही बघायची नाही. एवढ्याशा पक्ष्याकडे साठा फार थोडा असतो.

डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत ऊब द्या. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला दिवा लावा, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. जुने, ओळखीचे दाणे परत द्या. गार पडलेल्या पिल्लाला भरवू नका, त्याचा क्रॉप नीट चालत नाही आणि अन्न आत आंबतं. भरवायचं पातळ खाणं साधारण 39 ते 41 अंश सेल्सिअस असावं आणि ते थर्मामीटरने मोजावं. जास्त गरम झालं तर क्रॉप भाजतो. चोचीत जबरदस्तीने ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. दूध-पोळीही नको, दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. आणि दवाखान्यात आधी फोन करून विचारा, “पक्षी बघता का?” अनेक ठिकाणी फक्त कुत्री-मांजरं बघतात. जवळ कोणी नसेल तर परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येईल. जाताना वजनांची वही आणि ताज्या विष्ठेचा फोटो न्या. “खात नाही” या दोन शब्दांपेक्षा डॉक्टरांना त्याचा जास्त उपयोग होईल.

आता मूळ मुद्दा. ‘पोपट खात नाही’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हता. ‘भरवणं थांबवल्यावर पहिल्या दहा दिवसांत कॉकाटिएलच्या पिल्लाचं सकाळचं वजन किती टक्के उतरतं?’ हा आहे. यात कोण, कधी, काय मोजायचं आणि किती काळ, हे सगळं ठरलेलं आहे. तुमच्या सिनॉप्सिसमधलं पहिलं वाक्य काढा आणि ते ‘खात नाही’सारखं आहे का, ते तपासा. असेल तर काटा कुठला वापरणार आणि रेषा कुठे आखणार, हे गाईडला भेटण्याआधी कागदावर लिहा.