मागच्या कण्याला कुलूप

बैलगाडीच्या चाकांना एक मोठे स्वातंत्र्य असते. कणा जागच्या जागी बसलेला. त्याच्या दोन टोकांवर दोन चाके, आपापल्या तुंब्यात, आपापल्या वंगणावर फिरणारी. गाडी वेशीपाशी उजवीकडे वळली की डावे चाक लगबगीने चालते आणि उजवे जवळजवळ उभे राहते. कोणी कोणासाठी खोळंबत नाही. गाडी ओढायची ती बैलांनी; चाकांनी नुसते बरोबर यायचे.

मोटारीला बैल नाहीत, म्हणजे ओढण्याचे काम चाकांच्याच गळ्यात पडले, आणि तिथेच पहिली अडचण उभी राहिली. इंजिनाची ताकद चाकांना पोचवायची तर ती कण्याला जखडली पाहिजेत. जखडली की दोघांनी सारखेच फेरे घेतले पाहिजेत. आणि वळणावर दोघांचे रस्ते काही सारखे नसतात. दोन चाकांत पाच फुटांचे अंतर धरले, तर गाडी काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जवळजवळ आठ फूट जास्त चालावे लागते. वळण अरुंद असो की ऐसपैस, फरक तेवढाच. (भूमिती विसरली नसेल त्यांनी रांगोळी काढता काढता अंगणात हा हिशेब करून पाहावा.) हे आठ फूट कुठेतरी भरून निघालेच पाहिजेत, नाही तर टायर फरफटतात आणि कण्याला पीळ बसतो.

पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्यूर नावाच्या घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेन्ट्री गावच्या जेम्स स्टार्लीने तीच युक्ती पायांनी चालवायच्या गाडीला लावली. त्याची एक गंमतीची कथा सांगतात. बाप आणि लेक शेजारी शेजारी बसून पेडल मारीत होते. प्रत्येकाचे पेडल आपापल्या बाजूच्या चाकाला जोडलेले. लेक तरणाबांड, त्याचा जोर जास्त. तेव्हा गाडी सरळ जाण्याऐवजी बापाच्या बाजूला कलत कलत गेली आणि दोघेही अंगाची आग करणाऱ्या झुडपांत जाऊन पडले. अंग खाजवता खाजवता बापाला युक्ती सुचली, असे म्हणतात. सुचली हे मात्र खरे.

मालमोटारीच्या मागे उभे राहून वाकून पाहिले तर दोन चाकांच्या मधोमध एक गोल लोखंडी डबा दिसतो. ही युक्ती त्या डब्यात राहते. गॅरेजमधला पोरगा तिला ‘डिफ्रेन्शल’ म्हणतो, आणि मीही तेच म्हणणार. मराठीच्या प्राध्यापकाने इथे नवा शब्द घडवायला घेतला तर दिवाळी अंक पुरायचा नाही. डब्यात एक मोठे दातेरी चक्र, म्हणजे क्राऊन. त्याला फिरवणारा लहान पिनियन. आणि क्राऊनच्या पोटात चार छोटी चक्रे अशी गुंतवलेली, की तराजूच्या दांडीप्रमाणे ती दोन्ही चाकांना ताकद अगदी समसमान वाटून देतात, पण फेरे ज्याला जितके हवेत तितके घेऊ देतात.

समसमान! ऐकायला किती न्याय्य वाटते. आता सण दिवाळीचा आहे, म्हणून दाखला जावयांचाच घेऊ. समजा, एका सासऱ्याने प्रतिज्ञा केली, की दिवाळसणाला दोन्ही जावयांना सारखेच द्यायचे, एका पैचाही फरक करायचा नाही. थोरला जावई विरक्त; तो म्हणतो, मला सव्वा रुपया पुरे, त्याहून जास्त घेणार नाही. झाले! धाकट्याच्याही हातावर सव्वा रुपयाच पडतो, मग सासऱ्याच्या तिजोरीत लाख का असेनात. चिखलात किंवा बर्फात गेलेले चाक म्हणजे हा विरक्त जावई. त्याला जमिनीचा आधारच नाही, म्हणून तो ताकद घेत नाही. आणि तो घेत नाही म्हणून कोरड्या जमिनीवर धडधाकट उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही ती मिळत नाही. फेरे मात्र सगळे विरक्ताच्या वाट्याला. तो दुप्पट वेगाने गरगरत राहतो आणि गाडी तसूभर हलत नाही.

हे सारे मी शिकलो ते माझ्या थोरल्या मावसभावाकडे. दादा वीसेक वर्षांपासून अमेरिकेत मिशिगन राज्यात आहे. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो. वहिनी दुसऱ्या एका इस्पितळात परिचारिका आहेत आणि त्यांची पाळी सकाळी सातला सुरू होते. घरापासून सडकेपर्यंत खडीची एक चढण आहे. दादाची मोटार आणि वहिनींची १९९४ सालची शेव्हरलेट पिकअप. ही एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून घेतलेली, इंजिनाने ठणठणीत, पण ओढणारी चाके फक्त मागची. पिकअपची खोड अशी, की इंजिनाचे ओझे पुढे आणि मागचा हौदा रिकामा, तेव्हा ज्या चाकांनी ओढायचे त्यांच्यावरच वजन नाही. २०२३ च्या जानेवारीत एका पहाटे उजवे चाक बर्फावर गेले आणि वर सांगितलेला दिवाळसण तिथे साजरा झाला. वहिनी अंधारात फावडे घेऊन पाऊण तास झगडल्या. ज्या बाईची रात्रपाळी संपायची होती तिला रोगी सोडून जाता येईना. तिचे घरी निजलेले लहान मूल शेजारणीने उठवून शाळेत पोचवले. वहिनी घरी आल्या त्या एवढेच म्हणाल्या, “पुन्हा असं झालं तर मी चालत जाईन.” वहिनी बोलतात तसे करतात, हे दादाला ठाऊक आहे.

नवी गाडी घ्यावी तर मुलगी कॉलेजात, आणि तिथल्या कॉलेजाच्या फीचा आकडा इथे छापला तर संपादक मुद्रणदोष समजतील. तेव्हा दादाने ठरवले, की आहे त्याच गाडीला मागचा कणा कुलुपाचा बसवायचा.

कुलूप म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरवर टाचेखाली एक पेडल असते. एक चाक चिखलात फिरू लागले की ते दाबायचे. डिफ्रेन्शलचे वाटप तेवढ्यापुरते बंद होते, दोन्ही चाके एकजीव होतात, आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. बाहेर आल्यावर पाय काढायचा, वळायचे ते त्यानंतर; नाही तर तेच आठ फूट कणा मोडून वसूल होतात. मोटारगाड्यांसाठी या कुलपाच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियात एक हवेच्या दाबावर चालणारे निघाले, त्याला चालकासमोर बटण असते. ‘डिट्रॉइट लॉकर’ म्हणून एक दणकट प्रकार आहे. तो एरवी जखडलेलाच राहतो आणि वळणावर तेवढा सुटतो. दादाने निवडले ते तिसरेच, ईटन कंपनीचे. शेव्हरलेटच्या पिकअपना १९७३ पासून ते मिळू लागले; ज्याने गाडी घेताना जादा पैसे मोजले त्याच्या गाडीत ते असते. वहिनींच्या गाडीच्या पहिल्या मालकाने ते मोजले नव्हते.

या कुलपाला बटणही नाही आणि पेडलही नाही. आत दोन छोटी वजने एका दांड्यावर बसवलेली असतात. मुलगी गिरकी घेते तेव्हा तिचा परकर जसा फुलतो, तशी एक चाक दुसऱ्याच्या पुढे पळू लागले की ही वजने बाहेर फाकतात. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला, की एक वजन आकड्यात अडकते, आतल्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि दोन्ही चाके एक होतात. साधे वळण घेताना इतका फरक पडतच नाही, म्हणून रस्त्यावर त्याचा त्रास नाही. आणखी खुबी अशी, की गाडीने ताशी तीसेक किलोमीटरचा वेग ओलांडला की तो आकडाच बाजूला सरतो. भरधाव असताना कुलूप लागूच शकत नाही. ज्याने हे योजले त्याने माणसाच्या विसराळूपणाचा पुरता विचार केला होता.

त्या मे महिन्यात सुट्टी होती आणि मी तिकडे गेलो होतो. दादाने मला पहिल्याच शनिवारी प्रेक्षणीय स्थळ म्हणून नेले ते मोडक्या मोटारींच्या अड्ड्यावर. कित्येक एकरांत गाड्या रांगेने ओणव्या पडलेल्या. आता या गर्दीत कुलुपाचा कणा ओळखायचा कसा? त्याचे उत्तर डॅशबोर्डच्या खणात. तिथे एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि कारखान्यात गाडीत काय काय घातले त्याची जन्मपत्रिका सांकेतिक अक्षरांत तिच्यावर छापलेली असते. ‘जी ८०’ म्हणजे कुलूप. ‘जीयू ६’ म्हणजे क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १२, अर्थात ३.४२ चे प्रमाण; ‘जीटी ४’ म्हणजे ४१ ला ११, प्रमाण ३.७३. दादाची गाडी ३.४२ ची. दुसऱ्या प्रमाणाचा कणा घातला तर वेग दाखवणारा काटा खोटे बोलू लागतो, म्हणून प्रमाण तेच हवे. शिवाय चाकाला पाच बोल्ट हवेत. चारही चाकांनी ओढणाऱ्या त्या गाड्यांना सहा असतात. ब्रेकच्या ड्रमचे माप जुळले पाहिजे, ते निराळेच. वधूवरांच्या पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींनीही हात टेकले असते. चौदाव्या की पंधराव्या गाडीत सगळे गुण जुळले. दादाने तिथेच डब्याचे मागचे झाकण काढवून घेतले, तेलात बोट घातले आणि ते उन्हात धरले. पोलादाचे कण नव्हते. साडेतीनशे डॉलर मोजले.

खरा छळ झाला तो जुना कणा काढताना. मिशिगनात हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात, बर्फ वितळावे म्हणून. डिट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची मोठी खाण आहे, तेव्हा मिठाला तोटा नाही. आणि ते मीठ गाड्यांच्या बुडाशी जाऊन काय करते ते मी त्या दोन दिवसांत पाहिले. कणा पाट्यांना धरून ठेवणाऱ्या इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या बोल्टांचे नट कोणते आणि गंज कोणता, हे कळेना. आदल्या रात्रीपासून तेल सोडले, मग ज्योतीने तापवले, मग पान्याला लांब नळी लावून दोघे लोंबकळलो; शेवटी यंत्राच्या करवतीने कापावे लागले. कापलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नसतातच. नवे आधीच आणून ठेवले होते. ब्रेकची नळी हात लावताच तुटली. ती तुटली हे बरेच झाले, कारण आतून ती कागदासारखी झाली होती, आणि हे कुलूप नसते तर कोणी पाहिलेही नसते. दादाचे म्हणणे असे, की साऱ्या उपद्व्यापातला निम्मा फायदा त्या नळीचा आहे.

गाडीची चौकट लोखंडी घोड्यांवर उभी होती. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही, हा दादाच्या घरचा कायदा. नवा कणा चढवायला शेजारचे दोघे आले. मग मागे जाणारा लांब शाफ्ट जोडला, हातब्रेकच्या तारा लावल्या, ब्रेकमधली हवा काढली आणि डब्यात नवे गिअर ऑइल भोकापर्यंत भरले. दोन शनिवार-रविवार त्यात गेले. माझे काम टॉर्च धरण्याचे आणि पाने हातात देण्याचे. पंधरा आणि अठरा मिलिमीटरमधला फरक मी आता अंधारात सांगू शकतो.

परीक्षा घेतली ती घरामागच्या ओल्या गवतावर. दादाने एक चाक चिखलात आणि एक खडीवर उभे केले आणि हळूच पाय दिला. चिखलातले चाक अर्धा क्षण फिरले, खालून ‘खट्’ असा आवाज आला, आणि गाडी निमूटपणे चालू लागली. वहिनी खिडकीतून पाहत होत्या. “आवाज कसला, भावजी?” एवढेच त्यांनी मला विचारले.

तो ‘खट्’ हळू आवाजातच झाला पाहिजे. अडकलेला माणूस चिडून ॲक्सिलरेटर तळाला टेकवतो. चाक वेड्यासारखे फिरते, आणि त्या वेगात कुलूप लागले तर आतले दाते आणि चकत्या सुतळी बॉम्बसारख्या फुटू शकतात. या कुलपाचे मूळ नाव ‘गव्ह-लॉक’. तिकडचे मिस्त्री थट्टेने त्याला ‘गव्ह-बॉम्ब’ म्हणतात ते यामुळेच. हलका पाय ही त्याची पहिली अट.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि विकणारे ती हळू आवाजात सांगतात. उघड्या डिफ्रेन्शलमध्ये एक चाक गरगरते तेव्हा दुसरे नुसते जमिनीला टेकून असते, आणि गाडीची शेपटी जागेवर ठेवते. कुलूप लागले की निसरड्या बर्फावर दोन्ही चाके एकदम फिरू शकतात. मग शेपटीला धरून ठेवायला कोणीच उरत नाही आणि गाडी आडवी जाते. म्हणजे हे कुलूप अडकलेल्याला सोडवते. घसरणाऱ्याला ते थांबवत नाही, आणि ब्रेक लावताना तर त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडेही महिंद्रच्या थारला २०१५ साली मागच्या कण्यात असे आपोआप लागणारे कुलूप मिळू लागले, आणि पुढे बोलेरो निओच्या एका प्रकारातही ते आले. डोंगरातल्या, शेतातल्या माणसाला ते वरदान आहे. पण पुण्याच्या रस्त्यावर फिरवायच्या जुन्या जीपला हजारो रुपये घालून ते बसवणारे तरुणही मी पाहिले आहेत. त्यांनी त्या पैशांत टायर बदलले असते तर त्यांच्या आयांना जास्त झोप लागली असती. पुष्कळ नव्या मोटारींत तर फिरणाऱ्या चाकालाच संगणक ब्रेक लावतो आणि ताकद दुसऱ्याकडे वळवतो. जुन्या गाडीला ती सोय नाही. तिला लोखंडाचेच उत्तर लागते.

२०२४ च्या जानेवारीत वहिनींचा फोन आला. चढणीवर पिकअप एकदाही अडकली नव्हती. मात्र इस्पितळाच्या आवारात, गोठलेल्या फरशीवर वळताना एकदा तिची शेपटी हातभर सरकली होती. त्या दिवसापासून वहिनी नोव्हेंबर लागला की वाळूची चार पोती मागच्या कण्याच्या बरोबर वर हौद्यात रचतात आणि एप्रिलमध्ये काढतात. पोती त्या स्वतःच भरतात; दादा कमी भरतो, असे त्यांचे म्हणणे आहे.