सुरीहल्ला : काय करावे, काय करू नये

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असलो की हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, सुरीहल्ल्यापासून बचाव शिकवणारा वर्ग निघाला आहे, मुलाला घालू का?" विचारणारे पालक बहुधा नुकतीच एखादी बातमी पाहून धास्तावलेले असतात. मी बरीच वर्षे पूर्व लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम केले. भोसकलेली माणसे मी रस्त्यावर नव्हे, शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाहिली. त्यामुळे मारामारीतले मला फार कळते असा माझा दावा नाही. पण सुरी शरीरात काय करते, कोण वाचतो आणि कोण टेबलापर्यंत पोचतच नाही, हे मात्र जवळून पाहिले आहे. हातात ताट धरून याचे उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

प्रथम भीतीचे माप घेऊ. मार्च २०२२ अखेरच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये २८२ माणसे धारदार हत्याराने मारली गेली. १९४६ पासूनच्या नोंदींत हा आकडा तोवर सर्वांत मोठा होता. सुमारे सहा कोटींच्या वस्तीत तो लहान आहे हे खरे, पण या देशात बंदुका दुर्मिळ असल्यामुळे खुनाचे सर्वांत नेहमीचे साधन सुरीच आहे. आणि कुठली सुरी? बातम्यांत 'झोंबी नाइफ' नावाची राक्षसी पाती दाखवतात, त्यांच्यावर सप्टेंबर २०२४ पासून बंदीही आली. परंतु खुनांत सर्वाधिक आढळते ती स्वयंपाकघरातली साधी सुरी, जी तुमच्या-माझ्या ओट्यावरच्या लाकडी ठोकळ्यात खोचलेली असते.

या सुरीचे मर्म तिच्या टोकात आहे. बर्नार्ड नाइट या न्यायवैद्यकतज्ज्ञाने १९७५ साली भोसकण्याला किती जोर लागतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, की पात्याच्या धारेपेक्षा टोकाची अणकुची महत्त्वाची. सर्वांत जास्त विरोध करते ती कातडी. ती एकदा भेदली, की हाड आडवे आले नाही तर उरलेले पाते जवळजवळ आपोआप आत जाते. म्हणजे मारणारा पैलवान असावा लागत नाही, चौदा वर्षांचे पोर पुरते. २००५ साली पश्चिम लंडनमधल्या तीन डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले, की लांब टोकदार सुऱ्यांची विक्रीच बंद करावी. त्यांनी दहा बल्लवाचार्यांना विचारले होते, आणि लांब टोकाशिवाय अडते असे कोणीच म्हणाले नाही. तेव्हा वर्तमानपत्रांनी या सूचनेची बरीच थट्टा केली. मला ती आजही शहाणपणाची वाटते. आमच्या घरी बोथट टोकाची सुरी आहे आणि भेंडी तितकीच चांगली चिरली जाते.

आता जखमेविषयी. कापल्याची जखम भयानक दिसते, भोसकल्याची दिसत नाही. बाहेर दोन सेंटिमीटरची चीर, त्यातून ओघळ येईल न येईल, आणि आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली. पोटाची भिंत दाबली जात असल्यामुळे पात्याच्या लांबीपेक्षाही जखम खोल जाऊ शकते. शिवाय भोसकलेल्या माणसाला ते कळतेच असे नाही. "कुणीतरी गुद्दा मारला असे वाटले," हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल! म्हणून धक्काबुक्कीतून सुटून आल्यावर कपड्यांच्या आत सर्वांगावरून, विशेषतः पाठीवरून आणि काखांतून, हात फिरवावा आणि तो पाहावा.

स्टीफन लॉरेन्स या तरुणाला २२ एप्रिल १९९३ रोजी एल्टममध्ये वंशद्वेष्ट्या टोळक्याने भोसकले. खांद्यांजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या तुटल्या असताना तो शंभर यार्डांहून अधिक धावला आणि मग कोसळला. 'चालतो-बोलतो आहे, म्हणजे ठीक आहे' हा समज किती फसवा असतो, ते यावरून ध्यानात यावे. आलेल्या पोलिसांनी त्याला पुरेसे प्रथमोपचार दिले नाहीत, यावर १९९९च्या मॅकफर्सन अहवालाने कडक टीका केली. दुसरा एक समज मुलांमध्ये आहे, की मांडीत मारले तर माणूस मरत नाही, नुसता धडा मिळतो. नोव्हेंबर २००० मध्ये पेकममध्ये दहा वर्षांचा डॅमिलोला टेलर गेला तो मांडीच्या जखमेनेच. हत्यार सुरी नव्हते, फुटक्या बाटलीची काच होती. प्रौढ शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि मांडीची मुख्य धमनी उघडी राहिली तर प्राण जायला काही मिनिटे पुरतात.

म्हणून वर्गाबद्दलचे माझे मत स्पष्ट सांगतो. मुलाला व्यायामासाठी, शिस्तीसाठी कराटे जरूर शिकवा. पण समोरच्याच्या हातातली सुरी हिसकावण्याचे डाव चार शनिवारांत येतात, असे सांगणाऱ्याकडे पाठवू नका. वर्गातला गडी रबरी सुरी घेऊन एकदाच, सरळ, ठरलेल्या दिशेने वार करतो आणि मग सौजन्याने थांबतो. रस्त्यावरचा थांबत नाही. तो एका हाताने पकडतो आणि दुसऱ्याने शिवणयंत्राच्या सुईसारखे वार करतो, आणि बहुतेक वेळा सुरी आधी दिसलेलीच नसते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर या पोलीस शिक्षकाने १९८३ साली एका लेखात मांडले होते, की सर्वसाधारण माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात प्रशिक्षित पोलिसालाही कमरेचे पिस्तूल काढून गोळी झाडणे कसेबसे जमते. मग आपण रिकाम्या हातांनी काय करणार? टेबलावर आलेल्या कित्येकांचे तळहात आणि बोटांचे स्नायुबंध कापलेले असत, कारण त्यांनी पाते धरले होते.

यावर कोणीतरी प्रतापगडाचे उदाहरण देतोच, विशेषतः व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला पाहायला मिळाल्यापासून. पण १० नोव्हेंबर १६५९ची गोष्ट नीट आठवा. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, म्हणून खानाचा वार फुकट गेला. वाघनखे त्यानंतरची. शिवाय भेटीची जागा, सोबतची माणसे आणि आजूबाजूच्या रानातले सैन्य हे सारे आधी ठरलेले होते. यातले काहीही रात्री साडेदहाला बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलाजवळ नसते.

त्याच्याजवळ असते ते अंतर. तेच राखायचे. इथल्या पोलिसांनी दहशतवादी हल्ल्यांसाठी तीन शब्दांचा मंत्र दिला आहे: पळा, लपा, कळवा. एरवीही तोच लागू पडतो. वाद वाढू लागला, समोरच्याचा एक हात खिशात किंवा कमरेशी अडकून राहिला, तो सारखा आजूबाजूला पाहू लागला, की वाक्य पुरे करण्याचा मोह सोडून निघावे. उजेडाकडे, माणसांकडे, उघड्या दुकानात. लुटायला आलेला असेल तर फोन आणि पाकीट त्याच्यापासून थोडे दूर फेकावे आणि आपण उलट्या दिशेने पळावे. हे मी विशेषतः आपल्या भगिनींना सांगतो. नवरात्रात आणि दिवाळीत आपल्या अंगावर सोने असते हे चोरांनाही ठाऊक असते. मंगळसूत्राला हात घातला की बायका ते मुठीत घट्ट धरतात, अगदी नकळत. द्यावे. आईने दिलेले असले तरी द्यावे.

पळायला वाटच नसेल तर? मग मध्ये काहीतरी आणावे: उभी मोटार, टेबल, खुर्ची, पाठीवरची बॅग. कोट काढायला वेळ मिळाला तर हाताभोवती गुंडाळावा. मान आणि छाती झाकावी, खाली पडू नये, ओरडत राहावे. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लंडन ब्रिजजवळच्या फिशमाँगर्स हॉलमध्ये हल्लेखोराने दोघांचा जीव घेतला. तिथल्या लोकांनी त्याला रोखले ते भिंतीवर शोभेला लावलेला नार्व्हालचा लांब दात आणि आग विझवायचे नळकांडे घेऊन. दोन्ही साधने हल्लेखोराला हातभर दूर ठेवणारी होती. अशा वेळी वाजवी बळ वापरायला कायद्याची मुभा आहे. हाताला लागेल ती छत्री उचलणे गुन्हा नव्हे.

आधीपासून हत्यार बाळगणे मात्र गुन्हा आहे, आणि आपल्यातल्या चांगल्या घरांतली मुले फसतात ती इथे. 'शाळेत इतरांकडे असते, म्हणून मीही ठेवतो, वापरणार नाही.' ब्रिटनच्या कायद्यात स्वसंरक्षणासाठी सुरी जवळ ठेवणे हे योग्य कारण धरले जात नाही. १९८८च्या कायद्यान्वये यासाठी चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तीन इंचांपर्यंत पात्याचा, न अडकणारा, मिटणारा चाकू चालतो. पाते उघडून पक्के बसणारे असेल तर त्याहून लहानही चालत नाही. सहलीला आंबे कापायला डब्यात गुंडाळून सुरी नेणे निराळे, आणि तीच पुढे तीन महिने मोटारीच्या खणात पडून राहणे निराळे. 'विसरलो' एवढ्याने सुटका होत नाही. (गणेशोत्सवाला हॉलवर विळी नेणाऱ्या मंडळींनी ती जेवणे झाल्यावर घरी न्यावी, ही माझी जुनी विनंती आहेच.) भारतातून येताना काहीजणी पर्समध्ये मिरपुडीचा फवारा आणतात. तिकडे तो सर्रास मिळतो. इकडे तो बंदुकांच्या कायद्याखाली निषिद्ध हत्यार ठरतो.

आता सर्वांत उपयोगाचा भाग, म्हणजे कोणी भोसकला गेला तर काय करायचे. हल्लेखोर गेला आहे याची आधी खात्री करा. ९९९ला फोन करून तो स्पीकरवर ठेवा, पलीकडची व्यक्ती सांगत राहते. हातापायातून रक्त वाहत असेल तर स्कार्फ, टॉवेल, पदर, जे असेल ते जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन दाबा. 'थांबले का' म्हणून उचलून पाहू नका, त्याने धरलेली गुठळी सुटते. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवा. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर कापड आत बोटाने ठासून भरा आणि मग दाबा. दाबूनही रक्त थांबत नसेल तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नव्हे, टूर्निके बांधा, रक्त थांबेपर्यंत आवळा, वेळ लिहून ठेवा आणि इस्पितळ येईपर्यंत सैल करू नका. तो फार दुखतो. रुग्ण ओरडला म्हणून सोडायचा नसतो.

सुरी शरीरात रुतलेली असेल तर काढायची नाही. तीच बूच झालेली असते. छातीची जखम प्लास्टिकने हवाबंद करू नका, कारण आत साठणारी हवा फुप्फुस दाबते. श्वास लागत असेल तर माणसाला बसते करावे. पोटातून आतडे बाहेर आले असेल तर आत ढकलू नये, ओले स्वच्छ कापड झाकावे. जखमेत हळद दाबू नये. हळद चिरलेल्या बोटासाठी ठीक आहे. आणि भूलतज्ज्ञ म्हणून कळकळीची विनंती: पाणी किंवा साखरेचा चहा पाजू नका. आपल्याकडे कोणी पडले की तोंडाला पेला लावण्याची रीत आहे. पण त्या माणसाला थोड्या वेळात भूल द्यायची असते, आणि पोटातला चहा उलटून फुप्फुसात गेला तर सुरीतून वाचलेला त्यातून जातो. त्याऐवजी अंगावर कोट घाला. थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

एवढे जमले की पुढचे काम करणारी माणसे या शहरात उत्तम आहेत. लंडनच्या हवाई रुग्णसेवेचे डॉक्टर १९९३ पासून रस्त्यावरच छाती उघडून हृदयाची जखम आवळत आले आहेत, आणि २०१२ पासून ते सोबत रक्तही नेतात. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध जखमींचे प्राण वाचवते, हे २०१० साली 'क्रॅश-२' या चाचणीने दाखवले. वीस हजारांवर रुग्णांची ही चाचणी लंडनहून चालवली होती. पण ते औषध तीन तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, द्यावे लागते.

हे तीन तास वाया जातात ते पुष्कळदा भीतीने. मुलगा जखम लपवून घरी येतो, स्नानगृहात दार लावून बसतो. इस्पितळात गेलो तर पोलिसांना कळेल आणि आई-बाबांना समजेल, हे त्याच्या मनात असते. हल्ल्यातली जखम घेऊन कोणी आले तर डॉक्टर साधारणतः पोलिसांना तशी वर्दी देतात, हे खरे. पण पहिल्या वर्दीत रुग्णाचे नाव द्यावे लागतेच असे नाही. पोलिसांनी त्याच्याशी बोलायचे की नाही हे त्याची प्रकृती पाहून आणि त्याला विचारून ठरते, आणि कोणी बोलो वा न बोलो, उपचार त्यासाठी थांबत नाहीत. मुलांना हे माहीत नसते. त्यांना घरी, जेवताना, एखाद्या साध्या दिवशी सांगून ठेवावे, आणि टूर्निके कसा आवळतात तेही त्याच दिवशी दाखवावे.