रॉकेटचे दोन बिंदू

दिवाळीच्या बाणाला काठी कशासाठी असते? बाटलीत उभा करता यावा म्हणून, असे उत्तर पुष्कळजण देतात. पण बाण बाटलीतून सुटला की काठीचे खरे काम सुरू होते. काठी मोडलेला बाण वर न जाता गिरक्या घेत कोणाच्याही अंगावर जाऊ शकतो. (हा प्रयोग मात्र करून पाहू नये!) टिपू सुलतानाच्या सैन्यातील लोखंडी नळ्यांच्या बाणांनाही लांब बांबू बांधलेले असत, ते याच कारणासाठी.

नमुना-रॉकेटांत काठीचे काम शेपटाकडचे पंख करतात. या रॉकेटांचा जन्म अमेरिकेतला. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावचे जोड्यांचे दुकानदार ऑर्विल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये असे एक हलके रॉकेट बनवले. उड्डाणानंतर ते हवाई छत्रीने खाली येई आणि नवे इंजिन बसवून पुन्हा उडवता येई. घरी दारू कुटून रॉकेटे बनवताना मुलांना होणाऱ्या अपघातांविषयी हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये लिहिले. ते वाचून कार्लाइल यांनी आपले नमुने स्टाइन यांच्याकडे धाडले आणि कारखान्यात बनलेले इंजिन वापरण्याचा हा छंद तेथून पसरला. पुढे व्हर्न एस्टिस यांनी इंजिने यंत्रावर बनवली. सुट्या भागांचे संचही दुकानांत मिळू लागले.

संच सूचनेबरहुकूम जोडला, तर रॉकेट सरळ जाते. पण मुलांचे हात स्वस्थ बसतात थोडेच! कोणाला नळी लांब हवी, कोणाला मोठे इंजिन, कोणाला पंखांचा आकार आवडत नाही. असे बदल जरूर करावेत. मात्र आपण काय हलवतो आहोत, हे आधी समजून घ्यावे.

रॉकेटला दोन महत्त्वाचे बिंदू असतात. पहिला गुरुत्वमध्य. इंजिन बसवून रॉकेट आडवे बोटावर तोलले, की तो सापडतो. हवेत रॉकेट कलंडले, तर ते या बिंदूभोवती फिरते. दुसरा दाबमध्य. रॉकेट जरा तिरपे झाले, की समोरून येणारी हवा त्याच्या शंकूवर आणि पंखांवर बाजूने रेटा देते. हे सारे रेटे एकत्र करून एकाच ठिकाणी लागतात असे मानले, तर ते ठिकाण म्हणजे दाबमध्य.

आता वातकुक्कुट आठवा. त्याचे रुंद शेपूट खुंटीच्या मागे असते, म्हणून वारा शेपटाला मागे ढकलतो आणि चोच वाऱ्याकडे वळते. रॉकेटचा गुरुत्वमध्य म्हणजे ही खुंटी. दाबमध्य तिच्या मागे असेल, तर तिरपे झालेले रॉकेट पुन्हा सरळ होते. तो पुढे असेल, तर हवाच रॉकेटला अधिकाधिक तिरपे करते, आणि मग ते कोठे जाईल याचा नेम नाही.

इंजिन वरच्या टोकाला लावले, तर ते ओढल्यासारखे होऊन रॉकेट सरळ जाईल, असे कोणाला वाटेल. रॉबर्ट गॉडर्ड यांच्या १६ मार्च १९२६ च्या पहिल्या द्रवइंधन रॉकेटात ज्वलनकक्ष वर आणि टाक्या खाली होत्या. पण रॉकेट कलंडले, की इंजिनाचा जोरही त्याच्याबरोबर कलंडतो. त्यामुळे ते ओढते की ढकलते, याने फरक पडत नाही. गॉडर्ड यांनीही पुढे इंजिन खाली नेले.

हे दोन बिंदू एकमेकांपासून किती दूर हवेत? निदान नळीच्या एका व्यासाइतके, असा प्रघात आहे. समजा, रॉकेटचे वजन ५० ग्रॅम, नळीचा व्यास २५ मिलिमीटर, आणि टोकापासून मोजल्यास गुरुत्वमध्य १९० व दाबमध्य २२५ मिलिमीटरवर आहे. अंतर ३५ मिलिमीटर, म्हणजे ठीक. आता तुम्ही २० ग्रॅम अधिक वजनाचे इंजिन बसवलेत आणि ही भर टोकापासून २८० मिलिमीटरवर पडली. नवा गुरुत्वमध्य (५० × १९० + २० × २८०) ÷ ७०, म्हणजे सुमारे २१६ मिलिमीटर. दाबमध्य जागचा हललेला नाही, पण अंतर उरले अवघे ९ मिलिमीटर! असे रॉकेट उडवू नये. पुढच्या शंकूत, टोकापासून ३० मिलिमीटरवर, ७ ग्रॅम माती घट्ट बसवली, तर गुरुत्वमध्य १९९ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि अंतर पुन्हा एका व्यासाहून थोडे अधिक होते. आकडेमोड स्वतः करून पाहा.

पंख मोठे केले, तर दाबमध्य मागे सरकतो. पण पंखांच्या वजनाने गुरुत्वमध्यही मागे येतो. म्हणून पंखांना बाल्साचे हलके लाकूड बरे. नळी लांबवली, तर शंकूचे वजन पुढे जाते आणि बहुधा फायदाच होतो. शंकूमागे जड माल ठेवणे तर उत्तमच. अमेरिकेतील स्पर्धांत कच्चे अंडे न फोडता परत आणायचे असते. ते अंडे पुढे असल्याने आपोआप मातीचे काम करते!

दाबमध्य काढायला जुनी युक्ती आहे. रॉकेटची बाजूची आकृती जाड पुठ्ठ्यातून कापून पट्टीच्या धारेवर तोलायची. ही जागा म्हणजे रॉकेट पूर्ण आडवे असतानाचा दाबमध्य होय. उड्डाणातला दाबमध्य सहसा त्याच्याही मागे असतो, म्हणून ही चूक सुरक्षित बाजूची असते. माती मात्र जास्त भरावी लागते. जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये शंकू आणि पंख यांच्या मापांवरून दाबमध्य काढण्याची सूत्रे छंदिकांपुढे मांडली, आणि आजच्या संगणकांवरील आज्ञावलीही बहुधा तीच वापरतात.

गणिताचा कंटाळा असेल, तर इंजिन बसवलेल्या रॉकेटच्या गुरुत्वमध्यापाशी दोन-तीन मीटर दोरी बांधून, चिकटपट्टीने ती पक्की करून, मोकळ्या मैदानात रॉकेट डोक्याभोवती फिरवा. टोक सतत पुढे राहिले, तर रॉकेट स्थिर आहे. न राहिले, तर माती वाढवून पुन्हा फिरवा.

मातीचा अतिरेकही नको. बिंदूंमधले अंतर फार वाढले, तर रॉकेट वातकुक्कुटासारखेच वाऱ्याकडे तोंड करते आणि वर जाण्याऐवजी वाऱ्याच्या दिशेने तिरपे धावत सुटते. शिवाय जड रॉकेट सळईवरून सुटताना संथ असते, आणि पंखांना हवेचा पुरेसा जोर मिळायला ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग तरी हवा. एकदा ते सुटले, की शेपटाकडचे इंधन जळत जाऊन गुरुत्वमध्य आपणहून पुढे सरकतो. तेव्हा दोन्ही बिंदू नळीवर पेन्सिलीने खुणावताना इंजिन भरलेले असावे. रिकाम्या रॉकेटवरची खूण फसवी असते.