भंगारातलं शिसं: एक माप आणि दोन उत्तरं



परवा लातूरहून एक विद्यार्थिनी नांदेडला भेटायला आली होती. पेट पास झालीय, आता सिनॉप्सिस लिहायचाय. विषय भंगारातल्या शिशाचा. पिशवीतून तिनं तीन करडे तुकडे काढले: जुन्या बॅटरीचं टर्मिनल, टायरच्या बॅलन्सिंगचं वजन आणि बंद पडलेल्या छापखान्यातले मूठभर खिळे. म्हणाली, "दादा, यात काय-काय किती टक्के आहे ते काढायचंय. घनता मोजली की झालं ना?"

"झालं ना" या दोन शब्दांवरच आजचा लेख आहे.

आधी, आत काय असतं?

शुद्ध शिसं फार मऊ, नखानेही ओरखडा उमटतो. म्हणून त्यात अँटिमनी घालतात, तो कडकपणा देतो. कथिलामुळे रस पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो. छापखान्याच्या खिळ्यांत दोन्ही भरपूर असतात, कारण अक्षराची कड धारदार यायला हवी. अँटिमनी साधारण ११ ते ३० टक्के आणि कथील ३ ते २० टक्के. बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्यांनाही हेच प्रमाण माहीत असावं लागतं. भंगारात हे सगळं एकत्र वितळतं आणि बाहेरून सगळं सारखंच दिसतं.

घनता काय सांगते?

पद्धत आर्किमिडीजची. तुकडा हवेत तोला, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला. वजनातली घट म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. त्यावरून आकारमान आणि मग घनता.

शिशाची घनता ११.३४, कथिलाची ७.२९, अँटिमनीची ६.६९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. घटकांच्या आकारमानांची सरळ बेरीज होते असं धरू. म्हणजे १०० ग्रॅम संमिश्रासाठी प्रत्येक घटकाचं वजन भागिले त्याची घनता, या सगळ्यांची बेरीज करायची.

आता गंमत बघा. ९६ टक्के शिसं आणि ४ टक्के अँटिमनी घेतलं तर घनता येते ११.०३. ९५ टक्के शिसं आणि ५ टक्के कथील घेतलं तरी ११.०३!

म्हणजे मापन अगदी बिनचूक असलं तरी उत्तर एक येत नाही. दहावीच्या बीजगणितात आपण हे शिकलोय: चलं दोन आणि समीकरण एक, तर उकली अनंत. तराजू कितीही महागडा आणला तरी दुसरं समीकरण त्यातून मिळत नाही.

आणि मापन बिनचूक नसलं तर?

ही चूक मी स्वतः केली आहे. मे महिना, खोलीतलं पाणी ३५ अंशांवर आणि मी हिशोबात पाण्याची घनता सरळ १ धरली. ती १ असते ४ अंशांला. ३५ अंशांला ०.९९४ असते. फरक ०.६ टक्के, किरकोळ वाटतो. पण त्यामुळे ११.०३ ऐवजी ११.१० आले आणि ४ टक्के अँटिमनीचे ३.१ टक्के झाले. मूळ आकड्यातली अर्ध्या टक्क्याची चूक उत्तरात जवळजवळ चौथ्या हिश्शाची झाली! नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पाण्यात थर्मामीटर ठेवणं हा प्रयोगाचाच भाग समजा.

शिवाय ओतकामात आत हवेची पोकळी राहिली तर घनता कमी येते आणि नसलेलं अँटिमनी "सापडतं".

मग काठिण्य मोजू?

मोजा, पण जपून. काठिण्य फक्त घटकांवर ठरत नाही. तोच रस साच्यातून काढून पाण्यात झटकन थंड केला की वेगळं, हळूहळू थंड केला की वेगळं. अँटिमनीचं शिसं नुसतं ठेवल्यावरही काही दिवस कडक होत जातं. म्हणजे हे माप तुकड्याच्या घटकांबरोबर त्याचा इतिहासही सांगतं. भंगाराचा इतिहास कोणाला ठाऊक?

एक्सआरएफ

इथे खरं दुसरं समीकरण मिळतं. क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतं. कथिलाचा मुख्य पट्टा सुमारे २५.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, अँटिमनीचा २६.४ ला. दोन्ही सहज वेगळे दिसतात.

पण दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे शिसं हे किरण इतकं शोषतं, की परत येणारा संदेश फक्त वरच्या थराचा असतो, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. वर ऑक्साइड आणि मळ असेल तर तुम्ही मळाचं पृथक्करण करताय. पृष्ठभाग ताजा खरवडा आणि तीन-चार ठिकाणी मापन घ्या. दुसरा म्हणजे आर्सेनिकचा मुख्य पट्टा १०.५४ ला आणि शिशाचा १०.५५ ला. एकावर एक! यंत्राच्या पडद्यावर "आर्सेनिक" दिसलं म्हणून लगेच टेबलमध्ये टाकू नका. त्याचा दुसरा, ११.७ चा पट्टा तपासा.

आम्लात विरघळवलं तर?

आयसीपीसाठी नमुना विरघळवावा लागतो. शिसं पातळ नायट्रिक आम्लात छान विरघळतं, पण तळाशी पांढरा साका राहतो. तो गाळून फेकला की संपलं, कारण तो साका कथील आणि अँटिमनीच्या ऑक्साइडचा असतो. जे शोधायचं तेच मोरीत! अँटिमनी द्रावणात टिकावं म्हणून नायट्रिकबरोबर टार्टारिक आम्ल वापरतात.

आकडा बरोबर, निष्कर्ष चूक

समजा सगळं नीट जमलं. तरी एक प्रश्न उरतोच: या आकड्यावरून काय म्हणता येतं?

अमेरिकेत एफबीआय अनेक वर्षं गुन्ह्यातल्या गोळीच्या शिशाचं पृथक्करण करत होती. अँटिमनी, आर्सेनिक, कथील, तांबं, बिस्मथ, चांदी आणि कॅडमियम अशी सात मूलद्रव्यं. आरोपीकडच्या गोळ्यांशी आकडे जुळले, की "एकाच खोक्यातल्या" अशी साक्ष कोर्टात होई. २००४ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं अहवाल दिला: मोजण्याची पद्धत ठीक आहे, पण त्यावरून गोळी अमुक खोक्यातली म्हणणं टिकत नाही. तिथे गोळ्यांचं बरंचसं शिसं जुन्या बॅटऱ्या वितळवूनच येतं आणि एकसारख्या रसातून छोट्या गोळ्या १२ हजारांपासून साडेतीन कोटींपर्यंत निघू शकतात. २००५ मध्ये एफबीआयनं ही तपासणी बंद केली. तोवर या साक्षीवर माणसं तुरुंगात गेली होती.

आकडा आणि दावा यांच्यातली ही दरी भरायचं काम यंत्र करत नाही, ते आपलं आहे.

म्हणून त्या मुलीला सांगितलं, की सिनॉप्सिसमध्ये उपकरणांची यादी नंतर लिही. आधी तीन ओळी लिही: अज्ञात किती, स्वतंत्र मापनं किती, आणि प्रत्येक मापनातली चूक उत्तरात किती मोठी होते. तिनं तिथेच वहीत लिहिलं, अज्ञात दोन, मापन एक. मग स्वतःच हसली.

आणि हो, शिसं घरी वितळवायचं नाही. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पीएच.डी. पाच वर्षांची, शरीर आयुष्यभराचं.